वाचनालयाच्या संगणकातील हार्ड डिस्कचे आवाज : निदान आणि दुरुस्तीच्या नोंदी

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकावर केलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. कॅबिनेटमध्ये तीन हार्ड डिस्क बसवलेल्या आहेत. 'अ' ही ५०० जीबीची, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क असून तिच्यावर विंडोज आणि पुस्तकांच्या देवघेवीचे सॉफ्टवेअर आहे. 'ब' ही १ टीबीची, तितक्याच वेगाची डिस्क असून तिच्यावर जुन्या दाखल नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने आहेत. 'क' ही २ टीबीची, ५,४०० फेऱ्यांची, कमी वीज घेणारी डिस्क असून तिच्यावर 'ब'ची प्रत ठेवली जाते. ही प्रत मार्चनंतर घेतलेली नव्हती, म्हणजे तीन महिन्यांचे स्कॅनिंग फक्त 'ब'वर होते. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीकडे पाहून घेतला आहे.

८ जून २०२४, शनिवार

'हार्ड डिस्क वाजते आणि सकाळी संगणक लवकर सुरू होत नाही,' एवढीच तक्रार ग्रंथपालबाईंनी नोंदवली होती. कॅबिनेटची बाजू उघडून ऐकल्यावर लक्षात आले की हा एक आवाज नसून तीन वेगवेगळे आवाज आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. पहिला आवाज संगणक सुरू होताना येतो : मोटर वेग घेते, मग 'खट', थोडी शांतता, पुन्हा 'खट', असे काही वेळा होऊन मग गाडी रुळावर येते. दुसरा आवाज म्हणजे सतत चालणारी खालच्या पट्टीतील घुमघुम, जी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. तिसरा आवाज म्हणजे कोणी काम करत नसताना मधूनच येणारी हलकी 'टिक'.

यंत्र बंद करण्याआधी मोबाईल कॅबिनेटच्या तळाशी ठेवून सुरू होतानाचा आणि नंतर स्थिर चालतानाचा असा सलग आवाज नोंदवून घेतला. हे काम सगळ्यांत आधी करावे. आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून संशयित डिस्क वारंवार चालू करणे धोक्याचे असते, कारण हेड (तबकडीवरची माहिती वाचणारे-लिहिणारे टोक) खरोखर निकामी होत असेल तर प्रत्येक सुरुवात तिचे उरलेले आयुष्य कमी करते. नोंदवलेला आवाज मात्र कितीही वेळा ऐकता येतो.

गावातील एका दुरुस्तीच्या दुकानातून याआधी 'एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदला आणि विंडोज नव्याने टाका' असा सल्ला मिळाला होता. तो तूर्त बाजूला ठेवला आहे. ज्या डिस्कवर एकमेव प्रत आहे ती शंकास्पद असताना त्या यंत्रावर काहीही नव्याने टाकणे योग्य नाही. विंडोज सुरू होताना तिची डिस्क तपासणारी सोय, चेकडिस्क, आपोआप चालू शकते आणि ती दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहिते, म्हणून 'ब'चा वीजजोड काढून ठेवला. वाचनालयाची देवघेव 'अ'वर चालू राहील.

९ जून, रविवार

आज घरी बसून फक्त ध्वनिमुद्रण तपासले. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या एखाद्या तुकड्याचा वारंवारता-आलेख काढता येतो. खिडकीचा आकार, म्हणजे एका वेळी तपासायच्या नमुन्यांची संख्या, ६५,५३६ ठेवला तर ४४,१०० हर्ट्झच्या मुद्रणात साधारण ०.७ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो, आणि या कामाला तेवढे पुरेसे आहे.

गणित सोपे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणून अशा डिस्कचा मूळ स्वर १२० हर्ट्झवर दिसतो. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचा ९० हर्ट्झवर दिसतो. पंख्याचा स्वर फेऱ्यांना पात्यांच्या संख्येने गुणून मिळतो, म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे घेणारा सात पात्यांचा पंखा १४० हर्ट्झच्या आसपास उमटतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झवर येते. हे चार आकडे जवळजवळ असल्यामुळे कान त्यांच्यात फरक करू शकत नाही. आलेखात मात्र चारही टोके वेगळी दिसतात.

आपल्या मुद्रणात ९० आणि १२० हर्ट्झवर ठळक टोके दिसली आणि पंख्याचे टोक १४० च्या थोडे खाली आले. चढउतार करणारी घुमघुम १२० च्या टोकाचीच आहे, कारण तेवढाच पट्टा वेगळा काढून ऐकल्यावर ती साधारण वीस सेकंदांनी चढून पुन्हा उतरते असे स्पष्ट झाले. याचा अर्थ 'अ' आणि 'ब' या दोन्ही डिस्कचा वेग नावापुरता सारखा असला तरी त्यांच्यात किंचित फरक आहे, आणि दोघींची कंपने कॅबिनेटच्या पत्र्यावर एकत्र येऊन कधी एकमेकांत भर घालतात तर कधी एकमेकांना खोडतात. वीस सेकंदांचे आवर्तन म्हणजे मिनिटाला जेमतेम तीन फेऱ्यांचा फरक, जो ०.७ हर्ट्झच्या आलेखात दोन वेगळ्या टोकांच्या रूपात दिसणे शक्यच नव्हते. तो फक्त चढउतारातूनच कळतो. हा बिघाड नसला तरी पत्रा इतका का घुमतो हे पाहावे लागेल. ते काम घाईचे नाही.

बेअरिंग खराब झालेल्या डिस्कमध्ये १२० च्या स्वच्छ टोकाशिवाय मधल्या पट्ट्यात पसरट कर्कर दिसण्याची अपेक्षा होती. ती दिसली नाही. त्यामुळे मोटरविषयीची शंका बरीच कमी झाली.

११ जून

सिस्टिमरेस्क्यू ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू केला, कारण ती आपण सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहीत नाही. 'ब'ला आधी फक्त वीज जोडली आणि डेटा केबल काढून ठेवली. 'खट' तरीही आलाच. एवढ्या एका प्रयोगाने डेटा केबल, मदरबोर्ड आणि विंडोज हे तिन्ही निदान या आवाजापुरते संशयितांच्या यादीतून बाहेर पडले.

त्यानंतर डेटा केबल जोडून स्मार्टसीटीएल या आदेशाने डिस्क आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच ठेवते त्या 'स्मार्ट' नोंदी वाचल्या. या आधी वाचनालयातील एका कार्यकर्त्याने क्रिस्टलडिस्कइन्फोचे चित्र पाठवले होते आणि त्यात प्रलंबित सेक्टर (वाचता न आल्याने निकाल बाकी असलेले साठवणीचे लहान तुकडे) '१८' असल्याचे कळवले होते. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पायाने दाखवते, म्हणून १८ चा अर्थ २४ होतो. ज्यांना हे आकडे वाचायचे असतील त्यांनी त्याच्या पर्यायांत जाऊन दशमान पद्धत निवडावी.

'ब'च्या नोंदी अशा निघाल्या : बदललेले सेक्टर (ज्यांच्या ऐवजी डिस्कने राखीव जागा वापरली) १६, प्रलंबित सेक्टर २४, मोटर सुरू करण्याचे फेरप्रयत्न ३, डेटा केबलवरील चुका ०. चोवीस हा आकडा आठच्या पटीत आहे याकडेही लक्ष द्यावे. या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि मोजणी ५१२ बाइटच्या हिशेबाने होते, म्हणून प्रत्यक्षात न वाचता येणाऱ्या जागा तीनच होत्या.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला आकडा मात्र १९२ क्रमांकाच्या नोंदीचा होता. वीज अचानक गेल्यामुळे हेड घाईने मागे घ्यावे लागले, अशा प्रसंगांची ती मोजणी असते. संगणक एकदाच सुरू केला, मध्ये कोणीही वीज बंद केली नाही आणि तरीही हा आकडा दोनने वाढला. डिस्कच्या दृष्टीने वीज गेली होती. म्हणजे 'खट'चे कारण डिस्कच्या बाहेरही असू शकते.

दुसऱ्यांच्या डिस्क तपासणाऱ्यांसाठी एक सूचना नोंदवतो. सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये १ क्रमांकाची, म्हणजे वाचनातील चुकांची नोंद कोट्यवधींत दिसते आणि लोक घाबरतात. त्या आकड्याच्या वरच्या भागात चुका आणि खालच्या ३२ बिटांत एकूण वाचनांची संख्या साठवलेली असते, त्यामुळे तो मोठा दिसणे हे दोषाचे लक्षण नाही.

दीर्घ स्वयंचाचणी मुद्दाम चालवली नाही. ती डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचते, पण वाचलेले काहीही आपल्या हाती देत नाही. एकदाच पूर्ण वाचायचे असेल तर ते वाचन प्रतीसाठी व्हावे.

१२ जून

वीजजोडाची तपासणी केली. 'ब' आणि 'क' या दोन्ही डिस्कना वीज एका दुहेरी जोडवायरीतून मिळत होती, जी जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून दोन साटा टोके काढते. मल्टिमीटर किमान मूल्य लक्षात ठेवणाऱ्या स्थितीत लावून 'क'चे मोकळे केलेले टोक मोजले, कारण साधे मोजमाप इतके संथ असते की मोटर सुरू होतानाची क्षणभराची घट त्याला दिसतच नाही. साटा टोकातील पट्ट्या फार जवळजवळ असतात, म्हणून मीटरच्या टोकांना बारीक सुया बांधल्या आणि त्या जागेवर बसवून झाल्यावरच वीज चालू केली.

स्थिर अवस्थेत १२ व्होल्टच्या तारेवर ११.७ व्होल्ट मिळाले, पण 'ब'ची मोटर वेग घेत असताना ते १०.९ पर्यंत खाली गेले. पाच टक्क्यांच्या मर्यादेनुसार ११.४ च्या खाली जाणे चालत नाही. दोन्ही डिस्क एकदम सुरू होत असताना घट याहून मोठी असणार. एसएमपीएसजवळच्या दुसऱ्या मोलेक्सवर त्याच वेळचे किमान मूल्य ११.६ आले. म्हणजे एसएमपीएस ठीक आहे आणि मधला ०.७ व्होल्ट त्या जोडवायरीत हरवतो आहे. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. त्या हिशेबाने सैल सांध्यात सुमारे १.४ वॉट उष्णता तयार होत होती. मोलेक्सचे टोक ओढून काढल्यावर पिवळ्या तारेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले. अशा जोडवायरींनी पेट घेतल्याचीही उदाहरणे आहेत, त्यामुळे ती लगेच तोडून टाकली, जेणेकरून कोणी ती पुन्हा वापरणार नाही.

एसएमपीएसच्या मूळ साटा तारांचा एक मोकळा जोड कॅबिनेटच्या मागच्या बाजूला पट्टीने बांधून ठेवलेला सापडला. 'ब' त्याच्यावर लावून सुरू केली. मोटरने एकाच दमात वेग घेतला, 'खट' आला नाही, १९२ ची नोंद वाढली नाही. या दुरुस्तीला पैसे लागले नाहीत आणि एसएमपीएस बदलण्याचा खर्चही वाचला.

आवाज थांबला म्हणून डिस्क बरी झाली असे मात्र मानलेले नाही. प्रलंबित सेक्टर २४ च होते आणि अपुऱ्या विजेचे कारण त्यांना पूर्णपणे लागू पडेलच असे नाही. नवी २ टीबीची, ७,२०० फेऱ्यांची डिस्क पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवली. किंमत ५,४०० रुपये.

१५ जून, शनिवार

प्रत घेण्याचा दिवस. जुनी 'ब' आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटेल आणि सगळे पुसले जाईल. म्हणून दोघींचे अनुक्रमांक स्मार्टसीटीएलने वाचून कागदावर लिहिले, जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावली, 'अ' आणि 'क' यांची वीज काढून ठेवली, आणि आदेश देण्यापूर्वी अनुक्रमांक दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतले.

ग्नू डीडीरेस्क्यू वापरले. साध्या कॉपीपेक्षा याचा फायदा असा की न वाचता आलेल्या जागेवर ते अडून बसत नाही, उडी मारून पुढे जाते आणि कोणती जागा राहिली हे एका नकाशा-फाईलमध्ये लिहून ठेवते. ती फाईल तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वीज जातेच. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडण्याचा टप्पा बंद ठेवला, म्हणजे सोपे आहे ते आधी हाती यावे.

सुरुवातीला वेग सेकंदाला १८० एमबीच्या आसपास होता आणि आतल्या वर्तुळांकडे जाताना तो नेहमीप्रमाणे उतरत गेला. ६१२ जीबीजवळ वेग एकदम काही केबीवर आला आणि 'खट' पुन्हा ऐकू आला. हा आवाज कानाला आधीच्या, संगणक सुरू होतानाच्या आवाजासारखाच वाटतो, पण त्याचे कारण निराळे आहे. तो आधीचा आवाज मोटरचा वेग पडल्यामुळे हेड मागे खेचले जाण्याचा होता. हा आवाज तबकडीवरील एका जागेवरचे लेखन सापडत नाही म्हणून हेड माघारी नेऊन पुन्हा प्रयत्न करण्याचा आहे. फरक ओळखण्याची खूण अशी की हा ठरावीक पत्त्यावरच येतो आणि डीडीरेस्क्यूने उडी मारून पुढची जागा घेतली की थांबतो. वाचन चालू नसतानाही 'खट' अखंड येत राहिला असता आणि डिस्कने आपली ओळख सांगणेही बंद केले असते, तर मी त्याच क्षणी वीज काढून डिस्क स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवली असती.

दुपारी तापमान ४६ अंशांवर गेले, म्हणून काम थांबवून डिस्कवर टेबलफॅन लावला आणि ३८ वर आल्यावर पुढे सुरू केले. कार्यकारिणीच्या एका सदस्यांनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कळकळीने सुचवला. हा उपाय करू नये. साध्या डिस्कच्या आवरणाला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्र असते, जूनच्या दमट हवेत थंड झालेल्या तबकडीवर बाष्प धरते, आणि हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. तिथे पाण्याचा सूक्ष्म थरही अडथळा ठरतो.

संध्याकाळपर्यंत पहिली फेरी पूर्ण झाली. सुमारे ४१ एमबी सोडून सगळे हाती आले.

१६ जून, रविवार

उरलेल्या जागांवर दुसरी फेरी चालवली : आधी कडा छाटणे, मग खरवडणे, मग ठरावीक फेरप्रयत्न. एकदा उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला सांगितले आणि त्यातून आणखी काही जागा सुटल्या. दिवसभरात ४१ एमबीचे ३१५ केबी झाले. त्यानंतरचे फेरप्रयत्न एकही नवा सेक्टर देत नव्हते आणि 'खट' सतत चालू होता, म्हणून थांबलो. डिस्कची प्रलंबित नोंद आता ६१६ झाली होती. ६१६ ला ५१२ ने गुणल्यास ३,१५,३९२ बाइट येतात, म्हणजे डिस्कचा हिशेब आणि डीडीरेस्क्यूचा हिशेब एकमेकांशी जुळतो.

२४ वरून ६१६ हा आकडा गेला याचा अर्थ प्रत घेतल्याने डिस्क बिघडली असा होत नाही. बहुतेक खराब जागा आधीच्या होत्या. त्या कोणी वाचल्याच नव्हत्या, म्हणून नोंदीत आल्या नव्हत्या.

२२ जून, शनिवार

कोणती पाने गेली हे शोधण्याचे काम केले. डीडीरेस्क्यूमध्ये नकाशा-फाईलच्या आधारे फक्त न वाचलेल्या जागा आपल्या आवडीच्या मजकुराने भरण्याची सोय आहे. नव्या डिस्कवर, जुन्या डिस्कवर कदापि नाही, त्या जागांत एक ठरावीक खुणेचा शब्द भरला आणि मग सगळ्या फाईलींमध्ये तो शब्द शोधला. शोधाला बराच वेळ लागतो, कारण प्रत्येक फाईल पूर्ण वाचावी लागते. पण यामुळे 'काहीतरी गेले असेल' ही टांगती तलवार राहत नाही. खूण सहा टिफ फाईलींमध्ये (स्कॅन केलेल्या पानांच्या चित्रांमध्ये) सापडली. बाकीच्या खराब जागा मोकळ्या भागात होत्या. ती सहाही पाने १९५८ ते १९६१ च्या दाखल नोंदवहीतील होती. मूळ वही कपाटात आहे, म्हणून ग्रंथपालबाईंनी ती त्याच दिवशी ४०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केली. त्यांनी प्रत्येक पानावरचे दाखल क्रमांक मागच्या-पुढच्या पानांशी ताडून पाहिले. हे काम संगणकाने झाले नसते.

३० जून, रविवार

सगळे सुरक्षित झाल्यामुळे आज घुमघुमीकडे वळलो. तपासणीसाठी जुनी 'ब'च पुन्हा जागेवर लावली, कारण नवी डिस्क बसवून घुमघुम कमी झाली असती तर श्रेय डिस्कचे की बसवणीचे हे सांगता आले नसते.

'अ'ची वीज काढली की चढउतार थांबतो, 'ब'ची काढली तरी थांबतो. दोन डिस्कच्या वेगांतील फरकाचे अनुमान इथे पक्के झाले. मग स्क्रू पाहिले. 'ब' एका बाजूच्या दोनच स्क्रूंवर धरलेली होती आणि ते स्क्रूही सीडी-ड्राइव्हचे, बारीक आट्यांचे, तीन मिलिमीटरचे होते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे सहा-बत्तीस स्क्रू लागतात. बारीक स्क्रू त्या छिद्रात जातो, थोडा फिरतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात काहीच धरून ठेवत नाही. चारही जागी योग्य स्क्रू आणि रबरी वॉशर लावले. सामान गावातच ८० रुपयांत मिळाले. त्याच ठिकाणी मोबाईल ठेवून पुन्हा मुद्रण केले तेव्हा १२० हर्ट्झचे टोक आधीपेक्षा ९ डेसिबलने खाली आले होते. चढउतार लक्ष देऊन ऐकला तर अजून ऐकू येतो, पण वाचन कक्षात बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही. त्यानंतर जुनी 'ब' काढून नवी डिस्क बसवली.

६ जुलै

हे काम चालू असल्याचे कळल्यावर एका सभासदांनी आपली खिशात मावणारी अडीच इंची डिस्क आणून दाखवली. ती टेबलावरून पडली होती आणि जोडल्यावर 'पीं… पीं…' असा आवाज करत होती. तिच्यात स्पीकर नसतो. मोटर फिरू पाहते आणि फिरू शकत नाही तेव्हा तिची वेटोळीच तसा स्वर काढतात. यूएसबी २.० च्या जोडातून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, म्हणून आधी लांब वायर काढून आखूड वायरीने मागच्या यूएसबी ३.० च्या जोडाला लावून पाहिली. आवाज तोच राहिला, म्हणजे हेड तबकडीला चिकटले असण्याची किंवा बेअरिंग अडकले असण्याची शक्यता जास्त आहे. आत लग्नाचे फोटो असल्याने झाकण उघडायला नकार दिला, पुन्हा न जोडण्याची विनंती केली आणि प्रयोगशाळेकडे पाठवण्यास सांगितले.

१३ जुलै, शनिवार

उरली ती 'क'ची 'टिक'. स्मार्टच्या नोंदीत चालू तास सुमारे ११,००० आणि हेड उतरवण्या-चढवण्याच्या फेऱ्या २,८४,००० निघाल्या. कमी वीज घेणाऱ्या डिस्क काही सेकंद काम नसले की हेड बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवतात, आणि विंडोज मधूनच काहीतरी विचारते म्हणून ते परत आणतात. ती 'टिक' म्हणजे हेच येणेजाणे आहे. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. पण या मॉडेलची नोंदवलेली मर्यादा ३ लाख फेऱ्यांची आहे. ती ओलांडली की डिस्क लगेच मरते असे नाही, तरी एवढ्या जवळ आल्यावर तिला उगाच झिजवण्यात अर्थ नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधून ऊर्जा-व्यवस्थापनाची पातळी १२८ वरून २५४ वर नेली तेव्हा टिक थांबली. वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावर पातळी मूळ जागी गेली आणि टिक परत आली. दर वेळी ती आपोआप लागू करण्याची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण इथे थांबून मूळ प्रश्न विचारावा लागला : प्रतीची डिस्क दिवसभर त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच एसएमपीएसवर का चालू असावी? एसएमपीएस जळाला, वीज कोसळली, किंवा जूनमधली ती जोडवायर पेटली असती, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम गेल्या असत्या. म्हणून 'क' बाहेर काढून स्वतंत्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याच्या खाचेत ठेवली. डॉकची किंमत १,८५० रुपये. दर शनिवारी ती जोडायची, प्रत घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' हा पर्याय वापरायचा. तो न वापरता बटण बंद केले तर हेड घाईने मागे जाते, तीक्ष्ण 'टक' ऐकू येतो आणि १९२ ची नोंद एकाने वाढते, हे ग्रंथपालबाईंना प्रत्यक्ष दाखवले.

१७ ऑगस्ट, शनिवार

तिन्ही डिस्कच्या नोंदी वाचल्या. नव्या 'ब'वर बदललेले आणि प्रलंबित सेक्टर शून्य आहेत, दीर्घ स्वयंचाचणी निर्दोष पूर्ण झाली. प्रत वेगळी असल्यामुळे आता ती चाचणी चालवायला हरकत नव्हती. 'अ'ची १९२ ची नोंद १२ जूनपासून वाढलेली नाही. 'क'च्या फेऱ्यांमध्ये फक्त शनिवारांची भर पडली आहे. सकाळी संगणक सुरू होताना आता एकच आवाज येतो, तो म्हणजे मोटरचा चढता सूर आणि त्यानंतर हेड आपापल्या जागी आल्याची हलकी कुरकुर.

जुन्या 'ब'वर अनुक्रमांक, खराब झाल्याची तारीख आणि 'जोडू नये' अशी चिठ्ठी लावून ती वर्षभरासाठी ठेवली आहे. नकाशा-फाईलची प्रत तिच्याच पाकिटात पेनड्राइव्हवर आहे, म्हणजे पुढे एखाद्या पानाबद्दल शंका निघालीच तर नेमकी कोणती जागा वाचलेली नव्हती हे पाहता येईल. नव्या 'ब'चे ध्वनिमुद्रण कॅबिनेटच्या त्याच तळाशी मोबाईल ठेवून केले आहे आणि तारखेसह 'क'वर जतन केले आहे. पुढचे मुद्रण दिवाळीनंतरच्या शनिवारी त्याच जागी, पंखे त्याच वेगावर ठेवून करायचे आहे.